एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल: उन्हाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

नागपुरात उन्हाळा म्हणजे कूलर आलाच, आणि टाकी कोरडी पडली की पंप जळण्याची धास्तीही आली. म्हणून आर्डुइनो उनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) टाकीतला फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) आणि पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडला. लॅपटॉपपर्यंत वायर ओढायची नव्हती, त्यामुळे बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून एचसी-०५ आणलं. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत ते रोज चालू होतं.

सुरुवातीला टाकीची खबर लॅपटॉपवर नीट यायची, पण तिकडून पाठवलेली ‘पंप बंद’ ही आज्ञा उनोला मिळायची नाही. अशा वेळी मॉड्यूल बदलण्याआधी एक चाचणी जरूर करा. उनोच्या वायरी काढा, मॉड्यूलला फक्त वीज द्या, त्याच्या टीएक्सडी (पाठवायची) आणि आरएक्सडी (घ्यायची) या पिना एकमेकींना जोडा आणि लॅपटॉपच्या सीरियल टर्मिनल प्रोग्रॅममध्ये काहीही टाइप करा. अक्षरं परत आली तर ब्लूटूथ आणि लॅपटॉप ठणठणीत आहेत, दोष उनोच्या बाजूला. माझी अक्षरं परत आली.

दोष होता उनोच्या ० क्रमांकाच्या, म्हणजे डेटा घेणाऱ्या पिनमध्ये. उनोवर त्या पिनेला यूएसबीची चिपही जोडलेली असते. ती चिप रेषेचा व्होल्टेज वर धरून ठेवते आणि मॉड्यूलला ती खाली ओढणं जड जातं. पाठवायची १ क्रमांकाची पिन मात्र चालत राहते, म्हणून संवाद एकेरी होतो. सॉफ्टवेअरसीरियल (इतर पिनांवरून सीरियल संवाद करू देणारी आर्डुइनोची लायब्ररी) घेऊन १० आणि ११ या पिनांवर ९६०० बॉडने (बॉड म्हणजे डेटाचा वेग) जोडलं आणि आज्ञा पोहोचू लागल्या. मॉड्यूलच्या पाठीवर ‘लेव्हल ३.३ व्होल्ट’ असं छापलेलं आहे, ते मनावर घ्या: उनोचे ५ व्होल्ट तिथवर उतरवायला उनोकडून आरएक्सडीकडे जाणाऱ्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि आरएक्सडीपासून ग्राउंडला २ किलोओहमचा लावा.

मॉड्यूल जोडल्यावर विंडोज दोन कॉम पोर्ट (सीरियल संवादाची दारं) दाखवतं, त्यातला आउटगोइंगच उघडायचा. तिथे बॉड काहीही निवडा, फरक पडत नाही. मॉड्यूल आणि उनो यांचा बॉड जुळला पाहिजे. आज्ञेच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) नसेल तर उनोच्या प्रोग्रॅममधलं, आज्ञा वाचणारं रीडस्ट्रिंगअनटिल हे फंक्शन एक सेकंद थांबून राहतं, आणि आज्ञा उशिरा लागू होते.

सर्वात जास्त छळलं ते पंपाने. पंप बंद होताना जोडणी तुटायची. जोडलेलं असताना दोनदा लुकलुकून थांबणारा मॉड्यूलचा एलईडी भराभर चमकायला लागायचा. रिलेला वेगळं ५ व्होल्टचं अडॅप्टर दिलं, मॉड्यूलच्या वीजपिनांना चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, पंपाच्या बाजूला स्नबर (पंप बंद होतानाचा विजेचा झटका शोषणारा भाग) बसवला. स्नबर २३० व्होल्टच्या लाइनवर असतो, तो इलेक्ट्रिशियनकडूनच लावून घ्या. तेव्हापासून तुटणं फार क्वचित. तरीही तुटलंच तर पोर्ट बंद करून पुन्हा उघडणारा पायथनचा छोटा प्रोग्रॅम हवा, विंडोज ते आपणहून करत नाही.

आवाका खोलीपुरता आहे. कूलरच्या पत्र्याच्या आत मॉड्यूल ठेवलं तर तेवढाही मिळत नाही. मी ते बाहेर, पाण्यापासून लांब लावलं. आयफोनशी बोलायचं असेल तर हे घेऊ नका, त्यावर हे मॉड्यूल वापरतं ती ब्लूटूथची सीरियल प्रोफाइल (संवादाची पद्धत) चालत नाही. फक्त लॅपटॉपशीच जोडायचं असेल तर एचसी-०६ हे याचं साधं भावंडही पुरे.