पहिली चिमिनिया फोडली, दुसरी तिसरा हिवाळा बघतेय

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू एका चिमिनियाचा नाही, दोघींचा आहे. पहिली मी दुसऱ्याच संध्याकाळी फोडली. दुसरी मस्त चाललीय, तिसरा हिवाळा आहे तिचा. आणि गंमत म्हणजे दोन्ही मातीच्याच, उंची जवळपास सारखी, त्यामुळे मातीला दोष देण्यात अर्थ नाही, फरक बराचसा माझ्या अकलेत पडलाय.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, चिमिनिया म्हणजे भाजलेल्या मातीची शेकोटी, खाली गरगरीत पोट, पोटाला समोर एक तोंड, आणि वर निमुळतं होत गेलेलं धुराडं. सगळं प्रकरण लोखंडी तिवईवर बसतं. मूळची मेक्सिकोची. स्पॅनिशमधला शब्द चिमेनेआ, म्हणजे धुराडं, आणि आपण ज्याला कारखान्याची चिमणी म्हणतो तो शब्द इंग्रजीतून आला असला तरी दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधला कामिनस, म्हणजे भट्टी. तेव्हा मी घरी हिला सरळ चिमणीच म्हणतो. आज चिमणी पेटवायची का, असं.

उघड्या शेकोटीपेक्षा ही का आवडली ते सांगतो. उघड्यावर जाळ केला की वारा फिरेल तसं आपणही खुर्ची घेऊन फिरायचं, डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास येतो तो दोन धुण्यात जात नाही. इथे धुराडं एकदा तापलं की धूर वर ओढला जातो आणि डोक्यावरून निघून जातो. लाकूडही कमी लागतं. पण तोटाही तिथेच आहे, ऊब फक्त समोर मिळते. तोंडासमोर दोन-तीन खुर्च्या, फार तर चार, मागे बसलेला माणूस गारच. दहा जणांनी गोल करून बसायचा बेत असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही, आत्ताच सांगतो.

आता पहिलीची कहाणी. विकणाऱ्याला मी विचारलं होतं की वापरायच्या आधी काही करावं लागतं का, तो म्हणाला काही नाही हो, घरी न्या आणि पेटवा. मी ऐकलं. पहिल्या दिवशी थोडा जाळ केला, छान वाटलं. दुसऱ्या दिवशी मित्र आले, मग काय, जाडजूड ओंडके आत कोंबले, ज्वाळा धुराड्याच्या वर वीतभर नाचायला लागल्या, सगळ्यांनी फोटो काढले, मीही भाव खाऊन घेतला आणि तेवढ्यात ठक्क असा आवाज आला. मागच्या बाजूला पोटापासून मानेपर्यंत तडा. एक जण घाबरला आणि त्याने अर्धी बादली पाणी मारलं, मग जे काय उरलं होतं तेही खाली आलं. निखारे अंगणभर. कोणाला भाजलं नाही हे नशीब.

का फुटली हे नंतर कळलं. ही माती कमी तापमानाला भाजलेली असते, अंगात बारीक छिद्रं असतात, त्यात ओल धरलेली असते. एकदम मोठा जाळ केला की त्या ओलीची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते, ती कुठे जाणार. शिवाय माती उष्णता हळू पुढे सरकवते, म्हणजे आतली बाजू तापून फुगायला बघते आणि बाहेरची अजून गारच असते. या ओढाताणीत माती ताणली जाते, आणि दाब सोसणारी माती ताण अजिबात सोसत नाही. तापलेल्या मातीवर गार पाणी म्हणजे तेच उलट्या बाजूने. म्हणजे आम्ही एका संध्याकाळी तिला दोन्हीकडून मारलं.

दुसरी घेताना मात्र मी विकणाऱ्याचा अंत बघितला. मडकं वाजवून घ्यावं तशी ही पण बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची, पोटावर, मानेवर, तोंडाच्या कडेला. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत कुठेतरी भेग आहे, पुढे चला. मग मोबाईलचा टॉर्च तोंडातून आत टाकून धुराड्याच्या बुडाशी बघायचं, जिथे मान आणि पोट जोडलेलं असतं. बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं. एका पीसमधे तर रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून भेग लपवलेली होती, बाहेरून काहीच कळत नव्हतं. फार चकचकीत रंगवलेली असेल तर मी तरी घेणार नाही. भिंतीची जाडी तोंडाशी हात लावून कळते, साधारण बोटभर तरी हवी आणि सगळीकडे सारखी हवी, एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असली की पुन्हा तीच तापण्याची ओढाताण.

तिवईकडे लोक बघतच नाहीत. मी तिथेच तिवईवर ठेवून हलवून बघितली. डुगडुगली तर घेऊ नका, कारण पेटलेली चिमणी कलंडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि उचलताना मानेला धरून अजिबात नाही! दोघांनी, पोटाखाली हात घालून. मान हा तिचा सगळ्यात नाजूक भाग.

बिडाची का नाही घेतली असं बरेच जण विचारतात. बीड टिकतं जास्त, मोठा जाळ सोसतं, पण गंजतं, जड असतं आणि बाहेरून इतकं तापतं की नुसता चुकून हात लागला तरी चामडी जाते. माती उशिरा तापते आणि जाळ विझल्यावरही बराच वेळ ऊब देत राहते, आणि दिसते सुंदर, हे खरं कारण आहे, बाकी सगळं मी बायकोला पटवायला सांगितलं होतं. पण माती तापत नाही असा अर्थ काढू नका, भाजण्याइतकी ती नक्की तापते. घरात लहान पोरं असतील तर पेटलेली असताना एक मोठा माणूस तिथून हलायचा नाही. विझल्यावरही तास-दोन तास नाही.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी पोटात वाळू. कोरडी, साधारण ३-४ इंच, तोंडाच्या खालच्या काठाच्या जरा खालपर्यंत. नुसती वाळू घालायची नसेल तर खाली बारीक खडी आणि वर वाळू. यामुळे जाळ थेट बुडाला लागत नाही आणि वजन खाली आल्याने ती स्थिर बसते. पहिलीत मी हे केलंच नव्हतं.

मग तिला सवय लावायची. हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळं इथेच ठरतं. पहिला जाळ फक्त कागद आणि काटक्यांचा, पंधरा-वीस मिनिटं, मग आपोआप विझू द्यायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत. दुसऱ्यांदा थोड्या जास्त काटक्या. तिसऱ्यांदा अंगठ्याएवढी लाकडं. असं करत मी सहा वेळा केलं, काही जण चारवर थांबतात. प्रत्येक वेळी थोडी ओल बाहेर पडते. दुसऱ्या वेळी बाहेरच्या अंगाला ओलसर डाग उमटले होते, मी घाबरलो, पण ती आतलीच ओल बाहेर येत होती. त्या सहा दिवसात घरच्यांनी माझी जी चेष्टा केली, की एवढी मोठी वस्तू आणलीस आणि अगरबत्तीएवढा धूर काढतोस, ती जाऊ दे.

सवय झाली की मगच बाहेरून सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप. आधी लावला तर ओल आत कोंडली जाते. पारदर्शक अॅक्रिलिक सीलर मिळतो, तो फक्त बाहेरच्या बाजूला, आत नाही, आणि चिमणी गार असताना. उन्हापावसाने तो उडतो, पाण्याचे थेंब अंगावर न थांबता मुरायला लागले की पुन्हा लावायचा. मी वर्षातून दोनदा लावतो.

जागेबद्दल. घराची भिंत, कुंपण, गवताचा ढीग, कपडे वाळत घालायची दोरी, यांच्यापासून ३ मीटर तरी लांब. वर बघायला विसरू नका, झाडाची फांदी किंवा ताडपत्री वर असेल तर धुराड्यातली उष्णता सरळ तिथेच जाते. लाकडी डेकवर नुसती तिवई टेकवून पेटवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, तोंडातून निखारा घरंगळतोच कधीतरी. मी खाली फरशा टाकल्यात आणि तोंडासमोर अजून एक ओळ जास्त टाकलीय, तिच्यावर डाग बघितले की कळतं ती किती वेळा कामाला आली. छताखाली, बंद व्हरांड्यात, तंबूत, गॅरेजमधे नाही म्हणजे नाही, थंडी असो नाहीतर पाऊस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळत पण नाही काय होतंय, आणि विझत आलेले निखारेसुद्धा तो सोडत असतात. धुराड्याच्या तोंडावर ठिणग्या अडवणारी जाळी लावा. सोबत मातीचं झाकण येतं ते पाऊस आत जाऊ नये म्हणून, पेटलेली असताना ते वर ठेवलं तर सगळा धूर तोंडातून तुमच्या तोंडावर.

जळण कोरडंच हवं. ओलं लाकूड धुमसतं, धूर करतं आणि धुराड्यात डांबरासारखा काळा थर जमवतं, तो थर पुढे कधीतरी पेट घेऊ शकतो. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली असावी म्हणतात, मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, टणक कडक आवाज आला आणि टोकांना भेगा दिसल्या की वाळलंय. पाइनसारखं चिकाचं लाकूड तडतड ठिणग्या उडवतं, ते फार तर पेटवण्यापुरतं. रंग दिलेलं, प्लायवुड, जुन्या फर्निचरचे तुकडे, औषध मारलेलं लाकूड, काहीही घालू नका, त्या धुरात काय काय असतं ते छातीत घ्यायचं नाही. कोळसाही मी टाळतो, तो एकाच जागी फार तापतो. आणि पेट्रोल, रॉकेल ओतणाऱ्यांना मी माझ्या अंगणात उभं करत नाही, या बंद पोटात त्याची वाफ कोंडते आणि काडी लावली की भपकन तोंडातून बाहेर येते.

पेटवायची माझी पद्धत अशी आहे की वारा पाठीमागून येईल असं तोंड फिरवायचं, आधी तोंडाजवळ थोड्या काटक्या पेटवायच्या, धुराडं तापून धूर ओढायला लागलं की जाळ काठीने हळूच मागे सरकवायचा आणि मग मनगटाएवढी दोन-तीन लाकडं मागच्या भिंतीला टेकवून उभी ठेवायची. बस्स. ज्वाळा धुराड्याबाहेर दिसली की जाळ मोठा झाला, पुढचं लाकूड घालायचं नाही. मित्रांना हे पटत नाही, प्रत्येक वेळी कोणीतरी ओंडका घेऊन उभा असतोच, मी त्याला पहिलीची एक खापरी दाखवतो, मुद्दाम जपून ठेवलीय.

विझवायची घाई नको, विझू द्यायचं. अगदीच जायची वेळ आली तर वरून कोरडी वाळू टाकायची, पाणी नाही. पाण्याचा पाइप जवळ असावा पण तो आजूबाजूच्या गवताने पेट घेतला तर त्यासाठी. राख दुसऱ्या दिवशी, तीही झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत. राखेखाली निखारा जिवंत राहतो, मी एकदा सकाळी प्लॅस्टिकच्या टबात राख भरली आणि दुपारी टबाला भोक होतं.

राहिला पाऊस आणि थंडी. पाऊस लागला तर अंगात मुरतो, वाळायला कितीतरी दिवस जातात, आणि वाळायच्या आत पेटवली तर पहिलीसारखंच होणार, म्हणून भिजली की पुन्हा काटक्यांपासून सुरुवात. आधी मी प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट बांधत होतो, आत घाम धरून हिरवट शेवाळं आलं, आता हवा खेळती राहील असं कापडी कव्हर आहे. जिथे पाणी गोठतं तिथे तर हिवाळ्यात न वापरता बाहेर ठेवूच नका. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्के फुगतो आणि भिजलेली माती आतून फोडतो. शेडमधे ठेवा, पण ओल्या जमिनीवर नाही, लाकडी फळीवर.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक मार्क कापला तो सोबत आलेल्या माहितीपत्रकासाठी, त्यात चकचकीत फोटोत धुराड्यातून हातभर ज्वाळा दाखवल्यात आणि वाळूचा उल्लेखच नाही.

हां, आणि गेल्या हिवाळ्यात तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ आलीय. तापली की उघडते, गार झाली की दिसेनाशी होते. अशा रेघा येतातच, नख अडकायला लागलं तर भट्टीला वापरतात ते फायर सिमेंट भरायचं आणि आरपार गेली तर जाळ बंद करून तिच्यात रोप लावायचं, असं मी ठरवलंय. रेघेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवलीय. अजून खुणेच्या पुढे सरकलेली नाही.