शेक संपले, आता पेट की एमआरआय?

काकांच्या घशाच्या कॅन्सरवरचा शेवटचा शेक (रेडिएशन) झाला आणि महिनाभरातच घरात घाई सुरू झाली: 'एकदा पेट स्कॅन काढूनच टाकू.' डॉक्टरांनी थांबवलं, बारा आठवडे जाऊ देत म्हणाले. शेकलेला भाग सुजलेला असतो. पेटमध्ये साखर जास्त ओढणारा भाग चमकतो; सूजही साखर ओढते आणि कॅन्सरसारखीच चमकते. नावच पेट, जे पेटलं ते वाईट, असं आपण धरून चालतो.

ऑपरेशन न करता केमो आणि शेक झाले असतील, तर मी पेट-सीटीलाच पहिला मान देईन. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत 564 रुग्ण होते. निम्म्यांच्या मानेचं ऑपरेशन ठरलेलंच होतं, बाकीच्यांचं बाराव्या आठवड्याच्या पेटवर ठरलं. ऑपरेशनं 221 विरुद्ध 54, आणि जगण्यात पेटवाले मागे पडले नाहीत.

पण आपल्याकडे तंबाखूमुळे गालाचे, जिभेचे रुग्ण जास्त, आणि त्यांचं बहुधा आधी ऑपरेशन होतं. तिथे माझा कल एमआरआयकडे. जीभ, किंवा नसेवरून कवटीच्या तळाकडे सरकणारा आजार त्यात नीट दिसतो. जबड्याचं हाड आणि फुप्फुसं पाहायला सीटी बरी, शिवाय ती झटपट उरकते. एमआरआयला बराच वेळ हलायचं नाही, आणि सतत लाळ गिळावी लागणाऱ्याला ते जड जातं. सोनोग्राफी स्वस्त, मानेतल्या गाठीत लगेच सुई घालता येते; घशामागचं मात्र तिला दिसत नाही.

पेटसाठी डोंबिवलीहून परळला उपाशीपोटी सकाळची लोकल. साखर तपासली, इंजेक्शन दिलं, मग तासभर गप्प बसायचं, कारण बोललं की घशाचे स्नायू चमकतात. काका तासभर गप्प होते हे काकूला अजून खरं वाटत नाही.

स्कॅन कुठलाही काढा, रिपोर्ट 'नी-रॅड्स'मध्ये मिळेल का, हे आधी विचारा. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजची ही पद्धत मूळ जागेला आणि मानेला वेगवेगळा आकडा देते. 1 म्हणजे संशय नाही, 2 म्हणजे थोडा, 3 म्हणजे बायोप्सी, 4 म्हणजे आजार परतलाय. जुने स्कॅन तुलनेला मिळायचे बाकी असतील तर 0. म्हणून सीडी न्याच. आमचा आधीचा एक रिपोर्ट दीड पान होता, शेवटी 'क्लिनिकली पडताळावे'. यावेळी घशाला 1, मानेला 2. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, तारीख त्याच दिवशी घेतली.