लग्न-मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट: यूएसबी स्टिक, जुना हँडीकॅम की स्टुडिओ?

जुन्या कॅसेटमधलं चित्र संगणकावर उतरवून घ्यायचं ठरवलं, की बडोद्यातल्या मराठी घरांत माळ्यावर पडून असलेल्या कॅसेट बहुतेक तीन प्रकारच्या निघतात: लग्न-मुंजीच्या मोठ्या व्हीएचएस, हँडीकॅमच्या छोट्या व्हिडिओ-८ नाहीतर हाय-८, आणि शेवटच्या काळातल्या मिनी-डीव्ही. ऑनलाइन काही मागवण्याआधी पिशवी रिकामी करून हे बघून घ्या, कारण मिनी-डीव्हीला स्टिकबिक काही लागत नाही. तिच्यावरचं चित्र मुळातच डिजिटल असतं. कॅमेरा फायरवायर केबलने (डिजिटल कॅमेऱ्यातलं चित्र थेट संगणकात नेणारी जोडणी) जोडायचा आणि फाइल जशीच्या तशी उतरवून घ्यायची, तासाला साधारण १३ जीबी. त्याच कॅमेऱ्याच्या यूएसबी पोर्टच्या नादी लागू नका. बहुतेक मॉडेलांत तो फोटोंसाठी आणि बारक्या चित्रासाठी दिलेला असतो. हाय-८ वाल्यांनी नात्यागोत्यात कुणाकडे सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा आहे का, ते विचारावं. त्यातली बरीच मॉडेलं (सगळी नव्हेत) जुनी अ‍ॅनालॉग टेप वाचून थेट फायरवायरवर देतात.

उरली व्हीएचएस. खरी डोकेदुखी तिचीच.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची यूएसबी स्टिक, व्हीसीआरचं चित्र आणि आवाज संगणकात घेणारी. एक-दोनच कॅसेट असतील आणि टेप धड असेल, तर ती पुरते. तिला सरसकट नावं ठेवणारे जरा जास्तच बोलतात, असं माझं मत. तिच्या तक्रारी ठरलेल्या आहेत आणि बऱ्याचशा फुकटात सुटतात. आवाजच आला नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. विंडोज १० आणि ११ स्टिकच्या आवाजाला मायक्रोफोनच समजतं, परवानगी बंद असली की फाइल मुकी. चित्र काळं-पांढरं आलं तर सॉफ्टवेअर एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीवर, असणार. आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससीच असते, आणि आपले अनेक व्हीसीआर ती पाल-६० नावाच्या मिश्र रूपात बाहेर काढतात. ते स्वस्त स्टिकला बहुधा झेपत नाही. रेकॉर्डिंग दर वेळी ४ जीबीला अडत असेल तर डिस्क फॅट-३२ फॉरमॅटची आहे, ती एनटीएफएस फॉरमॅटची करून घ्या, पण आधी तिच्यावरचा माल दुसरीकडे हलवून. चित्रात आडवा पट्टा हळूहळू सरकतोय आणि मागे घरघर ऐकू येतेय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

न सुटणारी तक्रार वेगळीच. लग्नाची तीन तासांची कॅसेट लावली. सुरुवातीला ओठ आणि शब्द बरोबर जुळतात. मंगलाष्टकं संपत येईपर्यंत मात्र पडद्यावर अंतरपाट बाजूला झालेला असतो, अक्षता पडून गेलेल्या असतात, आणि मग कुठे ‘सावधान’ ऐकू येतं. टेप जुनी झाली की सिग्नलची लय डळमळते, स्टिकला मधल्या फ्रेम पकडता येत नाहीत, आवाज मात्र अखंड चालू राहतो. ५० फ्रेम गळल्या की चित्र दोन सेकंद पुढे. एडिटिंगमध्ये आवाज सरकवून भागत नाही, कारण गळती सगळीकडे सारखी नसते. आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून न घेता स्टिकमधूनच घ्या, यूएसबी हब काढा, बाकीचे प्रोग्राम बंद करा, आणि व्हर्च्युअलडब या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो त्यावर नजर ठेवा. एवढं करूनही आकडा चढतच राहिला, तर संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.

इथे दुसरा मार्ग उपयोगी पडतो: व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये, सिग्नल सावरून पुढे पाठवणारं एखादं यंत्र. एव्ही-इन असलेला जुना डिजिटल हँडीकॅम हे काम करतो, पण मॉडेल पाहून घ्या. काहींत बाहेरचा सिग्नल आत घेण्याची सोयच नसते. त्यातून चित्र आणि आवाज एकाच यंत्रात, एकाच घड्याळावर डिजिटल होऊन फायरवायरने बाहेर येतात, म्हणून ते एकमेकांपासून सुटत नाहीत. दुसरा पर्याय जुना डीव्हीडी रेकॉर्डर. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी हौशी मंडळींत प्रसिद्ध आहेत. डिस्क बनवायचीच नाही. सिग्नल नुसता त्यातून काढून पुढे स्टिकला द्यायचा. मांडवाचे खांब वरच्या टोकाला वाकलेले दिसत असतील तर ते यातून सरळ होतात. चित्र किंचित गुळगुळीत होतं, हे खरं. दहाएक कॅसेट असतील तर मी हाच मार्ग घेईन, सेकंडहँड शोधायची खटपट धरूनही.

एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावून एचडीएमआय कॅप्चर करणं दिसायला झकास, पण त्या वाटेला जाऊ नका. ४:३ चं चित्र ताणून माणसं जाडी होतात, हालचालीवर दातेरी रेघा येतात, आणि ‘एचडी’ झालं तरी व्हीएचएसमध्ये मुळात नसलेला तपशील येणार कुठून?

या सगळ्यात लोक स्टिक नवी घेतात आणि व्हीसीआर मिळेल तो उचलतात. पैसे उलटे खर्च करा. नवे व्हीसीआर आता मिळत नाहीत. जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणून चालू स्थितीतला, ट्रॅकिंग नीट असलेला व्हीसीआर हाती लागला तर जपा. व्हीसीआरचं हेड (फिरत्या ड्रमवरचा, टेप वाचणारा भाग) साफ करताना कापसाचे बोळे नकोत, धागे अडकतात. मऊ चामड्याच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो ड्रमला हलका टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड तुटेल. आणि चित्राच्या तळाशी फडफडणारी पट्टी दिसली तर घाबरू नका. ती आधीपासून होतीच, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची. शेवटी एडिटिंगमध्ये ती कापून टाका.

स्टुडिओत कधी द्यायचं? कॅसेटची झडप उघडून टेपच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली की लगेच. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशी नवलाची नाही, आणि अशी कॅसेट एकदा लावली की बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांनी भिजलेल्या कॅसेट वाळून खणखणीत दिसत असल्या तरी व्हीसीआरमध्ये घालू नयेत. आत गाळ बसलेला असतो.

मात्र स्टुडिओवाल्याला विचारा: फाइल ७२० बाय ५७६ मध्ये मिळेल का, की फक्त डीव्हीडी किंवा वाढवून फुगवलेली एमपी-४? आणि दर कॅसेटमागे आहे की तासामागे? १८० मिनिटांच्या कॅसेटवर पाऊण तासाची मुंजच असेल, तर बिलात बराच फरक पडतो.