मुगुमोचा धाक की जगलेल्या रोपाचे पैसे?

केनियातल्या किकुयु लोकांकडे झाडं वाचवायच्या दोन तऱ्हा दिसतात. जुनी म्हणजे मुगुमो, आपल्या वड-उंबराच्याच कुळातलं झाड. त्याच्याखाली माउंट केनियाकडे तोंड करून न्गाईची, म्हणजे त्यांच्या देवाची, प्रार्थना करायची, कोकरू बळी द्यायचं, आणि झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, विषय संपला. केनियातल्या पर्यावरण कार्यकर्त्या वंगारी मथाई सांगायच्या की लहानपणी आईने बजावलेलं, याची वाळकी काटकीपण चुलीला आणायची नाही, देवाचं झाड आहे ते. जवळच झरा होता, त्यात बेडकाची अंडी मण्यांसारखी दिसायची, ही पोरगी माळ समजून उचलायला जायची आणि ती हातातून निसटायची. पुढे झाड तुटलं आणि झराही आटला. म्हणजे बघा, गार्ड नको की फाइल नको, पण श्रद्धा गेली की खेळ खल्लास.

दुसरी तऱ्हा त्यांनीच 1977 मध्ये काढली, ग्रीन बेल्ट मूव्हमेंट. बायकांनी रोपं वाढवायची, जगलेल्या रोपामागे थोडे पैसे. (हा 'जगलेल्या' शब्द मला जाम आवडतो, आपल्याकडे लावलेलीच मोजतात!) अशी कोट्यवधी झाडं झाली, 2004 ला नोबेलही मिळालं. उजाड डोंगरासाठी मी डोळे झाकून हीच घेईन, पण शंभर वर्षांचं मुगुमो काय नर्सरीत मिळत नाही ना.

आणि 2020 मध्ये नैरोबीत एक्सप्रेसवेच्या वाटेत असं एक जुनं झाड आलं, तेव्हा ते वाचवायला थेट राष्ट्राध्यक्षांचा आदेश काढावा लागला.