बडोद्याच्या दांडिया बाजारकडचं गॅरेज: काम चोख, वेळेचं मात्र बघा

आमची वॅगन आर ब्रेक मारला की किंचाळायची. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली, त्यांनी ब्रेकचे पॅड, ते जिच्यावर घासतात ती डिस्क, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग (इंजिनात हवा जाते तो भाग साफ करणं), इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणं) सगळंच एस्टिमेटमध्ये टाकलं, का विचारलं तर म्हणे सिस्टीममध्ये येतंय. मग दांडिया बाजारच्या बाजूला एका भाईंचं छोटं गॅरेज आहे तिकडे नेली. त्यांनी चाक काढलं आणि मलाच खाली वाकायला लावलं, टॉर्च मारून दाखवलं की पॅड ३ मिलीमीटरच्याही खाली गेलाय, तो बदलायलाच हवा, पण डिस्कवर बोट फिरवून म्हणाले, "बेन, आ तो हजी चालशे" (ताई, ही तर अजून चालेल). फ्लशिंगचं म्हटलं तर गाडीचं मॅन्युअल उघडायला लावलं, शेड्यूलमध्ये ते नव्हतंच! बिलात पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, नव्या पॅडचं खोकं दाखवलं, जुने पिशवीत घालून हातात दिले (ह्यांनी ते गॅलरीत जपून ठेवलेत, का ते विचारू नका).

खोट म्हणजे संध्याकाळी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनही आपणच करायचा. बसायला जागा नाही. आणि उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) आसपास तर जाऊच नका, पोरं सगळी धाब्यावर (गच्चीवर) असतात पतंग घेऊन.