११८ मुलं, ६३ पत्ते आणि एक फोन

एफवायबीकॉमच्या वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की ११८ जण एका सुरात ‘हो मॅडम’ म्हणतात. त्या ‘हो’त किती दम आहे हे पाहायला गेल्या वर्षी मोबाइलवरून उत्तरं द्यायचं एक अ‍ॅप आणलं होतं. नाव घेत नाही. तिसऱ्या मजल्यावर रेंज नाही, कुणाचा डेटा संपलेला, कुणाचा फोन आईकडे. ज्यांच्याकडे होता ती पोरं इन्स्टावर. आठवड्यात गाशा गुंडाळला.

यंदा प्लिकर्स नावाचं अ‍ॅप. यात मुलांना फोन लागतच नाही. हातात एक कागदी पत्ता, त्यावर क्यूआर कोडसारखी आकृती, प्रत्येकाची वेगळी. ए, बी, सी, डी यांपैकी जी बाजू वर धराल ते तुमचं उत्तर. अक्षरं इतकी बारीक, की शेजाऱ्याचं पाहून टिपायची सोय नाही. मी माझा फोन वर्गावरून फिरवते, आकडे पडद्यावर.

पण मोठ्यात मोठा संच ६३ पत्त्यांचाच. मग दोघांत एक पत्ता दिला आणि तिथेच गंमत झाली. प्रश्न होता: कांदा ४० वरून ८० रुपयांवर गेला, लोक कमी घेऊ लागले, हा मागणीचा संकोच (फक्त भाव वाढल्याने घट) की ऱ्हास (भाव तोच, दुसऱ्या कारणाने घट)? ५९ पैकी २२ बरोबर. म्हटलं, मागच्या बाकाशी भांडा आणि पुन्हा पत्ता दाखवा. एक मुलगी मागे वळून म्हणत होती, “अगं, मागणीचा वक्र जागचा हलला का? नाही ना? मग ऱ्हास कसा?” दुसऱ्या फेरीत ४७. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी भौतिकशास्त्राच्या भल्यामोठ्या वर्गात १९९१ मध्ये हेच सुरू केलं होतं. मला ते पत्ते कमी पडले म्हणून सापडलं.

जोडीचं उत्तर असल्यामुळे इंटर्नलच्या गुणांना याचा उपयोग नाही. मागच्या बाकांसाठी मधल्या वाटेने चालत जावं लागतं. आणि चकचकीत लॅमिनेशन करू नका! झेरॉक्सवाल्या काकांनी हौसेने करून दिलं, ट्यूबलाइट त्यावर अशी चमकली की कॅमेऱ्याला काही दिसेना. जाड कार्डशीटवर परत छापले, पैसे माझ्याच पर्समधून.

४८ मिनिटांच्या तासात पत्ते वाटण्या-गोळा करण्यात सहा मिनिटं जायची, म्हणून आता ते वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवून घेतलेत. १७ नंबरवाल्याने वहीच हरवलीय. त्याचा उद्या छापायचाय.