गिटची मॅन्युअल पानं: काही महिने रोज वापरल्यावर

गेले काही महिने मी एक नियम कटाक्षाने पाळतेय. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीत) काही अडलं की आधी सर्च नाही, चॅटबॉट नाही, थेट 'गिट हेल्प', म्हणजे गिटसोबत येणारी मॅन्युअल पानं. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलांनाही हेच करायला लावते. अलीकडे या पानांवर बरंच काम झालंय आणि त्याचा फरक रोजच्या कामात जाणवतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

आधी पुशचं, म्हणजे आपलं काम रिमोटवर (दूरच्या रिपॉझिटरीत) पाठवणाऱ्या कमांडचं पान घ्या. पूर्वी त्याची सुरुवातच अशी होती की ही कमांड लोकल रेफ वापरून रिमोट रेफ अपडेट करते आणि ते रेफ पूर्ण करायला लागणारे ऑब्जेक्ट पाठवते. वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पण रेफ आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो पहिल्याच ओळीत गळतो. आताच्या पानात ब्रँच (कामाची शाखा), टॅग (एखाद्या टप्प्याला दिलेलं नाव) हे ओळखीचे शब्द आधी येतात आणि लगेच साधं उदाहरण येतं: 'गिट पुश ओरिजिन मेन' म्हटलं की आपली मेन ब्रँच ओरिजिन नावाच्या रिमोटवरच्या मेन ब्रँचमध्ये जाते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच हवं असतं. बारकावे खाली आहेतच, लागतील तेव्हा वाचावेत.

2025 मध्ये प्रोग्रामर आणि लेखिका जूलिया इव्हान्स यांनी अशा बऱ्याच पानांचं पुनर्लेखन केलं. त्यांची पद्धत मला फार पटली. जुनी पानं प्रत्यक्ष गिट वापरणाऱ्यांना वाचायला दिली, कुठे अडतंय ते विचारलं आणि नेमकी तीच वाक्यं बदलली. आतला माणूस कितीही हुशार असला तरी वाचणारा कुठे ठेचकाळतो ते त्याला दिसत नाही, कारण तो ती वाट डोळे मिटून चालतो.

माझ्या दृष्टीने यातली सगळ्यात मोलाची भर म्हणजे डेटा मॉडेलचं वेगळं पान. ऑब्जेक्ट (गिटने साठवलेला डेटा), रेफरन्स (वर आलेले रेफ, म्हणजे ब्रँच-टॅगसारखी नावं), इंडेक्स (पुढच्या नोंदीसाठी निवडलेले बदल) आणि रीफ्लॉग (ही नावं आधी कुठे होती याची वही), एवढ्या चार गोष्टी त्यात सलग समजावल्या आहेत. ब्रँच म्हणजे एका कमिटकडे (कामाच्या साठवलेल्या टप्प्याकडे) बोट दाखवणारं नुसतं नाव, हे एकदा डोक्यात बसलं की रीबेसची (आपले कमिट दुसऱ्या कमिटवर पुन्हा रचण्याची) भीती निम्मी होते. कमिट 'हरवलं' म्हणून घाबरलेल्या मुलांना मी आता हे पान आणि रीफ्लॉगचं पान लागोपाठ वाचायला देते. कुठल्याच ब्रँचवरून पोचता येत नाही अशा कमिटच्या रीफ्लॉगमधल्या नोंदीही डीफॉल्टने 30 दिवस राहतात, बाकीच्या 90 दिवस. हे आकडे वाचले की चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

जुन्या पानांतही सोनं आहे, हेही सांगायला हवं. रीसेटचं (ब्रँच आधीच्या टप्प्यावर नेणाऱ्या कमांडचं) पान उघडलं की सॉफ्ट, मिक्स्ड, हार्ड या पर्यायांपाशी लोक थबकतात. तिथे न अडकता खाली उदाहरणांपर्यंत जा. 'अ‍ॅड केलेलं मागे घेणं', 'कमिट मागे घेऊन परत करणं' असे अगदी रोजचे प्रसंग घेऊन, कमांडच्या प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन ती काय करते ते लिहिलंय. हा भाग पानाच्या वर असता तर किती जणांचा वेळ वाचला असता! फोर्स-विथ-लीज, म्हणजे जबरदस्तीने पुश करताना दुसऱ्याचं काम पुसू नये म्हणून असलेला पर्याय, त्याबद्दलचा इशाराही असाच पुशच्या पानात खाली दडलेला आहे. एडिटर मागच्या मागे फेच करत (रिमोटवरचं ताजं काम आणत) असेल, तर अपेक्षित कमिट न सांगता दिलेल्या या पर्यायाचं संरक्षण फोल ठरू शकतं. हे पुश करणाऱ्या प्रत्येकाने वाचलंच पाहिजे.

तक्रारी आहेत. इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया ही एकाच गोष्टीची तीन नावं अजून सगळीकडे मिसळून येतात. डिफला (फरक दाखवणाऱ्या कमांडला) '--कॅश्ड' आणि '--स्टेज्ड' दोन्ही चालतं, पण अप्लायला (फाइलमधून आलेले बदल लावणाऱ्या कमांडला) '--कॅश्ड' आणि '--इंडेक्स' दिलं तर अर्थ वेगळे. पहिलं फक्त इंडेक्स बदलतं, दुसरं इंडेक्ससोबत वर्किंग ट्रीमधल्या (आपण प्रत्यक्ष काम करतो त्या फोल्डरमधल्या) फाइलीही. याचा खुलासा गिट-सीएलआय नावाच्या पानात आहे, आणि तिथे आपणहून कोण जाणार? रीबेस करताना 'अवर्स' (आपली बाजू) आणि 'देअर्स' (त्यांची बाजू) उलटे होतात, हेही पानात स्पष्ट लिहिलंय, पण लांबलचक पर्यायांच्या यादीत. कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) समोर असताना त्या ओळीपर्यंत कोणी पोचत नाही. ती कॉन्फ्लिक्टच्या संदेशातच यायला हवी.

आणखी एक अडचण व्यवहाराची आहे. मॅन पेज, म्हणजे हे मॅन्युअल पान, तुमच्या मशीनवरच्या गिटसोबत येतं. उबुंटू लिनक्सच्या 22.04 वर गिट 2.34 आहे, 24.04 वर 2.43. म्हणजे ही नवी पानं तिथे दिसणारच नाहीत. गिटच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजी पानं आहेत आणि तिथे आवृत्ती निवडताही येते, पण ताज्या पानातला एखादा पर्याय तुमच्या जुन्या गिटमध्ये नसू शकतो. म्हणून आधी 'गिट व्हर्जन' बघा. कंटेनरच्या (प्रोग्राम वेगळा चालवण्यासाठी बांधलेल्या पॅकेजच्या) छोट्या इमेजमध्ये तर मॅन पेजेस बऱ्याचदा काढूनच टाकलेली असतात. तिथे कमांडपुढे '-एच' दिलं की पर्यायांची आटोपशीर यादी मिळते, तेवढ्यावर भागवावं लागतं.

ही सगळी पानं गिटच्या सोर्समध्येच 'डॉक्युमेंटेशन' फोल्डरमध्ये साध्या अ‍ॅस्किडॉक मजकुरात आहेत. सी भाषा येत नसली तरी एखादं अडणारं वाक्य सुधारून पॅच (बदलांची फाइल) पाठवता येतो. माझ्या यादीत पहिला नंबर त्या अवर्स-देअर्सच्या परिच्छेदाचा आहे.